मेलेल्या हेराची रजा

दिग्रस, मंगळवार, १३ डिसेंबर २००५

सरकी काढायला जिनात कापूसच येत नाही, म्हणून रिकाम्या बसलेल्या बायांना मेलेल्या हेराच्या कादंबरीचा पाचवा भाग वाचून दाखवतो आहे. पावसाळ्यात, वर्षावासात, बुद्धविहारात मीच ग्रंथ वाचतो. तिथल्यासारखंच इथेही वाचन संपलं की प्रश्न. आज कमलाताईंनी विचारलं, "दादा, हा मेल्यावरबी सायबाचंच काम करून राह्यला. घरी काहून नाही जात?"

"त्याले रजा नाही भेटत, बाई!" मागून कोणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. कमलाताई नाही. त्यांचा नवरा पांढरकवड्याच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला, त्याला अजून वर्ष झालं नाही.

मेलेला माणूस परत येत नाही, हे मी अंधश्रद्धेविरुद्धच्या सभांत गावोगाव ओरडून सांगतो. मग तेव्हाच का नाही सांगितलं? "उद्या पाहू," म्हणालो. भित्रेपणा, दुसरं काय! आणि कामगारांच्या हक्कांवर तासन्‌तास बोलणारा मी. पाच भागांत या हेराची रजा मला एकदाही सुचली नाही.

आत्ता उरलेली पानं चाळली. घराचा उल्लेखच नाही.

उद्या वाचताना मी त्याला घरी पाठवणार. एका पानापुरतं. कादंबरी आहे, हे त्यांनाही कळतं. दार बायकोच उघडेल. पुढे दोघं काय बोलतात, ते मात्र कमलाताईंनाच विचारीन.