शेवटी एक नाहीतर पाच

३ जानेवारी १९९९
नव्या वर्षाचा संकल्प: रोज पहाटे पाचला उठून गणितात मूलभूत संशोधन. आज उठलो आठला. नाशिकरोडची थंडी, त्याला मी काय करणार?

५ जानेवारी
ललिताने केळी आणायला पिटाळलं. सगुणाबाई हातगाडीवर अर्ध्या-अर्ध्या डझनाने केळी मांडते. बघता बघता सुचलं. आपण दहादहाचे गठ्ठे करून आकडे लिहितो. सहासहाचे केले तर? मग सात लिहायचे ११, म्हणजे एक गठ्ठा, एक सुटं. अकरा लिहायचे १५. केळी गाडीवरच राहिली. ललिता बरंच बोलली. संशोधकाच्या घरात हे चालायचंच.

८ जानेवारी
शोध लागला! मूळ संख्या सहाच्या पद्धतीत लिहिली की शेवटी एक नाहीतर पाच येतो. दोन आणि तीन अपवाद, पण ते किरकोळ. मग उलटं करून पाहिलं: शेवटी एक किंवा पाच, तर संख्या मूळच, तिला कोणी भागू शकत नाही. पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस, तेवीस. सगळ्या मूळ! पुढे तपासायची गरज वाटली नाही. चहाही आला होता.

११ जानेवारी
आमचे हेडमास्तर यादव सर मराठी शिकवतात, त्यामुळे त्यांना सिद्धांत लगेच पटला. शाळेच्या रौप्यमहोत्सवात माझं भाषण, वर शाल-श्रीफळ.

१६ जानेवारी
ललिता म्हणते, आधी पल्लवीला दाखवा. पल्लवी आमची मुलगी, गणित घेऊन बी.एस्सी. करतेय. तिनेही दोनदा मागितलं. म्हटलं, स्टेजवरच बघ. एक-दोन मोजायला मी शिकवलं तिला, आता ती मला तपासणार? मैत्रिणींना घेऊन ये म्हणालो. एकदा तरी तिने मान वर करून सांगावं, हे माझे बाबा. बाकी काही नको.

२२ जानेवारी
आरशासमोर तालीम. फर्स्ट क्लास. पुढच्या चार-दोन संख्या तपासणार होतो, पण कोटाचं बटण सापडेना.

२३ जानेवारी
भाषण छान रंगलं होतं. कुठलीही संख्या सांगा, म्हणालो. अख्खा हॉल ओरडला, पंचवीस. साहजिकच, मागे बॅनरवर शाळेची पंचवीस वर्षं केवढ्या थोरल्या अक्षरांत होती. फळ्यावर लिहिलं ४१. चार गठ्ठे, एक सुटा. शेवटी एक, म्हणून मूळ. आपल्या शाळेच्या वयाला कोणी भागू शकत नाही, असंही ठणकावलं.

पुढच्या रांगेतल्या पाचवीच्या पोरांनी पाचाचा पाढा सुरू केला. पाच पंचेपर्यंत पोचली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा पाढा त्यांच्याकडून मीच घोकून घेतलाय. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं. खडू हातातून सुटेना. तेवढ्यात कोणीतरी टाळ्या सुरू केल्या, मागून सगळ्यांनी. यादव सरांनी घाईघाईने मला शाल पांघरली. टाळ्या सुरू करणारी पल्लवी होती. मैत्रिणींच्या मधोमध, मान खाली घालून वाजवत होती.

२४ जानेवारी
दिवसभर अंथरुणात. ताप नाही. ललिताला सांगितलंय की आहे.

संध्याकाळी पल्लवी उशाशी येऊन बसली. मी म्हणालो, तुला दाखवलं असतं तर तू चूक काढली असतीस. ती हो म्हणाली. मग विचारलं, मैत्रिणींना काय सांगितलंस? म्हणाली, हे माझे बाबा, असं सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

स्टेजवर वाटली नव्हती एवढी लाज तेव्हा वाटली.