‘पुंड’चा वाक्यात उपयोग

३ फेब्रुवारी १९५४, बुधवार. अंधेरी
वाचनालयाच्या ओसरीवर दुपारचा बायकांचा वर्ग. अकराजणी. जुन्या क्रमिक पुस्तकात आज ‘पुंड’ शब्द निघाला. कुणालाच ठाऊक नाही. म्हटलं, दांडगाई करून दहाजणांना छळतो तो पुंड. ‘म्हणजे मवालीच ना, बाई?’ सखूबाई राणे. वाक्यात उपयोग घरून करून आणायला सांगितला.

६ फेब्रु., शनि.
वह्या तपासल्या. दहाजणींचे पुंड जंगलात राहतात आणि राजा त्यांना शिक्षा करतो. पुस्तकी सगळं. एकट्या सखूबाईंनी लिहिलंय : ‘दुपारी नळाला कुलूप लावणारा माणूस पुंड असतो.’ दीड वर्षामागे या बाईला पेन्सिल धरता येत नव्हती! आठवड्याचं उत्तम वाक्य नावासकट रस्त्याकडच्या फळ्यावर लिहायचं हा आपला रिवाज. लिहिलं. खूश होऊन घरी आले.

८ फेब्रु., सोम.
डोकं फिरलंय. नळाला कुलूप लावतात ते नानासाहेब. वाचनालयाचे अध्यक्ष, आणि सखूबाईंच्या चाळीचे मालक. चाळीचा नळ दुपारी बंद, ते पाणी यांच्या गुलाबांना. साऱ्या आळीला ठाऊक, मला नाही. आमच्या दारात विहीर, मला कशाला कळतंय. फळा दोन दिवस रस्त्यावर, येणारा-जाणारा हसतोय.

संध्याकाळी ना.सा. (पूर्ण नावासाठी शाई का दवडू) घरी आले. दोन कप चहा घेतला. मग अगदी शांतपणे : सखूबाईंनी शनिवारी त्याच फळ्यावर ‘माझे वाक्य चुकले’ असं स्वतःच्या हातानं लिहावं, नाहीतर खोली खाली करावी.

‘लिहायला तुम्हीच शिकवलंत, आता हेही तुम्हीच लिहवून घ्या.’

मी काय केलं? बिस्किटांची बशी पुढे केली. लाज वाटते.

९ फेब्रु., मंगळ.
हे म्हणतात, खडूची तर माफी, फडक्यानं पुसता येते. यांना रविवारी ना.सा.कडे पत्ते खेळायला जायचं असतं ना.

पण सखूबाई जातील कुठे? एका खोलीत सहाजण. नवरा गिरणीतून सुटलेला, आता साकीनाक्याला कारखान्यात वॉचमन. दुसरी खोली काय झाडाला लागलीय?

१० फेब्रु., बुध.
सकाळी ना.सा.कडे जाऊन सरळ खोटं बोलले. वाक्य माझं, सखूबाईंनी नुसतं उतरवून घेतलं. केवढे खुलले! मग तर प्रश्नच मिटला म्हणाले, तुम्ही वर्ग सोडा, बाईला काही त्रास नाही. बाहेर एक गुलाब दिला. गटारात टाकला.

दुपारी वर्गात सांगितलं. वाटलं होतं, बाईचा जीव भांड्यात पडेल. सखूबाई उभ्याच राहिल्या.

‘वाक्य माझा आसा, बाई. तुमचा नाय. तुमच्या दारात नळाक कुलूप खंय आसा?’

कुणी हसलं नाही. माझा चेहरा पडला. आणि तशाच जाऊन त्या ना.सा.ना सांगून आल्या की वाक्य त्यांचंच. झालं. पुन्हा शनिवार कायम.

या वयात मी आयुष्यात एकदा खोटं बोलले तेही वाया गेलं. राग कुणाचा येतोय तेच कळत नाही. ना.सा.चा तर येतोच.

१२ फेब्रु., शुक्र.
चार वाजता सखूबाई वही घेऊन घरी. बसल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही शिकवलंत, तुम्हीच तपासा. चूक निघाली तर उद्या फळ्यावर चुकले म्हणून लिहीन. नाही निघाली तर नाही.

मी म्हटलं, सखूबाई, खोली जाईल.

‘घोवाक सांगलंय.’ नवऱ्याला सांगून झालंय, एवढंच. वही ठेवून गेल्या.

हे मागून डोकावले. ‘एक फुली मार, गं. छप्पर राहील बाईचं.’ खरंच राहील, संताप त्याचाच. एका लाल फुलीत सहाजणांचं छप्पर, आणि ती फुली मारायची मी. ना.सा. उद्या अकरा वाजता फळ्यापाशी उभे राहणार, कोट घालून.

तीनदा वाचलं. दुपारी नळाला कुलूप लावणारा माणूस पुंड असतो. अक्षर सरळ, पूर्णविराम जागच्या जागी. चूक नाही.

लाल पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय.