रांजण ओतण्याबाबत

भूम, ता. ११ मे १९८६

तीर्थस्वरूप तात्याराव यांना ज्ञानोबाचा नमस्कार. तुमच्या गुडघ्याला आता उतार असेल आणि नळदुर्गला सर्व खुशाल असतील असं समजतो. तुमची बहीण गेल्यापासून मी वेळेवर जेवतो, सोसायटीत कामाला जातो. माझी काळजी नसावी.

इथं हिवतापाची साथ आहे, आणि ती मला समजलेली नाही. मागं एकदा पाऊस लई झाला तेव्हा हिवतापवाले रेवणप्पा म्हणाले होते, डबकी साचली म्हणून डास झाले. यंदा औषधालासुद्धा डबकं नाही, नदीत पोरं गोट्या खेळतात, तरी डास आहेतच. विचारलं तर म्हणाले, "पाऊस न्हाय म्हणूनच की हो! टँकरचा भरवसा न्हाय, म्हणून बाया दिसंल त्या भांड्यात पाणी भरून ठेवत्यात. डासाला आणिक काय पाहिजे?" म्हणजे पडला तरी डास, नाही पडला तरी डास. (आमच्या चेअरमनचंही असंच आहे, कोणतंही पॅनेल येवो, खुर्चीत तेच.)

मग त्यांनी आरशानं उन्हाची तिरीप आमच्या रांजणात पाडली, वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या आणि म्हणाले, ओतून टाका. तो रांजण तुमच्या बहिणीनं दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी, अंगात ताप असताना भरलेला. ते पाणी मी वापरत नाही. हे काही मी त्यांना सांगितलं नाही. पण शेजारच्या विठाबाई भिंतीपलीकडून ओरडल्या, "दुष्काळात पाणी ओताय सांगतूस व्हय रं मुडद्या?" आणि असं काही झापलं, की ते बिचारे दुसऱ्या दिवशी बरणीत गप्पी मासे घेऊन आले. हे अळ्या खातात. सरकारी आहेत.

माशांनी अळ्या संपवल्या आणि मग वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. घरात आलेल्याला उपाशी ठेवायचं नाही, ही तिची रीत. भाकरीचा चुरा टाकला तर पाणी आंबायची भीती. म्हणून मी परसात विसळलेल्या भांड्यांचं पाणी एका डेऱ्यात उघडं ठेवलं. त्यात अळ्या चांगल्या धरल्या. रोज गाळणीनं काढून माशांना घालत होतो. (चहाची गाळणी वेगळी आहे, वहिनींना सांगावं.)

परवा रेवणप्पांनी तो डेरा पाहिला. आरशानं आत तिरीप पाडली. मग म्हणाले, "भाऊ, शिकलेलं माणूस तुमी. औषधाला खायला घालाय रोग पाळलाय व्हय?" त्याच दिवशी विठाबाईंना थंडी वाजून ताप भरला. डेरा मी लगेच ओतला. गोळ्या चालू आहेत. त्यांना आता बरं आहे. शिव्या मला देतात.

बाकी क्षेम.

आपला,
ज्ञानोबा

ता. क. तुमच्या विहिरीला पाणी टिकून आहे असं कळलं. झाकणाची बरणी घेऊन यावं आणि मासे न्यावेत. उन्हाळ्यानं रांजण वीतभर खाली गेला आहे. वरून भर घालता येते, पण मग ते पाणी तिनं भरलेलं राहत नाही.

पुन्हा ता. क. आलाच आहात तर रांजणही तुम्हीच ओतावा, परसातल्या लिंबाला. माझ्यानं होत नाही.

आणखी एक. पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी मासे कुशीवर पोहत होते, म्हणून टँकरचं तांब्याभर पाणी घातलं. आता त्यात तिचं किती आणि टँकरचं किती, मला काही कळेनासं झालंय. मासे खुशीत आहेत. तरी यावं.