मंगलाने पापडाचं पीठ कुटलं

शनिवार, दिवेलागणीला

आज मंगलाने, माझ्या धाकट्या जावेने, उडदाचं पीठ कुटलं. एरवी जरा दम लागला, काळीज धडधडलं की 'मेले, मेले' म्हणत ही बाई आडवी व्हायची. डॉक्टराने दोनदा ईसीजीची पट्टी काढली. हृदय चांगलं आहे, अंगमेहनत कर म्हणाला. पण भीतीला पट्टी दिसते का?

आज गल्लीतल्या बाया पापडाला जमल्या. मुसळ तिने आपण होऊन मागून घेतलं. थोड्याच घावांत तोंड पांढरं पडलं. तेलाचा हात छातीवर गेला, पोलक्यावर पंजा उठला. म्हटलं, आता पळते घरात.

शेजारची सखू बोललीच, "मंगला, पीठ कुटस का मुंग्या मारस?"

ती म्हणे, "धडधडू दे. मी मुसळ सोडस नही."

आणि हात काढला की छातीवरून! त्या पंजाकडे मीच बघत राहिले. डोळ्यांत पाणी, पण घाव थांबले नाहीत. मग श्वास आपोआप जागेवर आला.

मला भीती वाटतच नाही, मी कुटते त्यात काय मोठं? हिने मरण समोर बसवून कुटलं.

पीठ कच्चंच राहिलं, पापडांना भेगा पडतील. पडू देत. कोणी नाव ठेवलं तर माझ्याशी गाठ आहे.