वाळवंटातला सरळ रस्ता

ती. बाबा,

जपानमधून, इचिकावाहून स्वरूपाचा नमस्कार. मी मजेत आहे. आई तुमच्या डोळ्यांत वेळेवर थेंब घालते ना?

गेल्या वर्षी राहिलेली आपली ऑस्ट्रेलियाची सहल या एप्रिलमध्ये नक्की करतेय. ॲडलेडला उतरून गाडी घ्यायची आणि वाळवंटातून तीन दिवसांत अवधूतदादाच्या गावी पोचायचं. पेट्रोल कुठे मिळतं, ते त्याने लिहून पाठवलंय. मी दर रविवारी भाड्याच्या गाडीने त्सुकुबापर्यंत सराव करते.

एक सांगायचं राहिलंय. गेल्या वर्षी साहेबांनी रजा नाकारली, असं मी म्हणाले होते. ते खोटं होतं. आमचे साहेब मोरिता-सान तर म्हणाले होते, "वडिलांना घेऊन खुशाल जा." बढती हुकेल, या भीतीने मीच रजा घेतली नाही.

तेव्हा तुम्हाला नीट दिसत होतं. तीस वर्षं एसटी चालवलीत. तो लांबलचक रस्ताही तुम्हालाच चालवायचा होता. आता काचबिंदूमुळे डॉक्टरांनी तुमचं गाडी चालवणंच बंद केलं.

बढतीचं कळल्यावर तुम्ही सगळ्या सोसायटीत पेढे वाटलेत. ते आठवलं की लाज वाटते.

एप्रिलमध्ये माझ्या शेजारी बसाल ना? रागावला असाल, तरी या.

तुमची,
स्वरूपा