सतरा नंबरचा कॅरेक्स

२ फेब्रुवारी, सकाळी ७
मला रोजनिशीची हौस नाही. लिहावी लागते आहे, कारण कॉलेजच्या वनस्पती-संग्रहाच्या प्रमुखबाईंचे, म्हणजे माझ्याच जुन्या विद्यार्थिनीचे, पत्र आले आहे. माझ्याकडची कॅरेक्सची एक्केचाळीस शीट्स, म्हणजे वाळवून कागदावर डकवलेली झाडे, १५ तारखेपर्यंत जातीच्या नावांसह द्यावीत. बिननावाचा नमुना संग्रहात घेता येणार नाही.
रोज चार शीट्स. १२ ला काम खलास. सतरा नंबर ही नवी जात आहे, याबद्दल मला अठ्ठावीस वर्षे शंका नाही. तिला माझे नाव द्या असा कुणी आग्रह धरलाच, तर मोडता घालणार नाही.

३ फेब्रुवारी
टेबल खिडकीशी नेले. मग भिंतीशी. पुन्हा खिडकीशी. ह्यांनी विचारले, आज टेबलाचे वर्गीकरण आहे का. शीट्स: शून्य.

४ फेब्रुवारी
प्रस्तावना लिहिली. ‘कॅरेक्स गवतासारखा दिसतो, पण लव्हाळ्याच्या कुळातला. गवताची काडी बहुधा गोल आणि पोकळ. याची तिधारी आणि भरीव. पाने तीन रांगांत.’ झकास उतरले. चार वेळा शुद्ध प्रत काढली. प्रस्तावना झाली म्हणजे अर्धे काम झाले. उद्यापासून रोज पाच.

६ फेब्रुवारी, ११ वाजता
गठ्ठा सोडला. शी! धूळ, आणि शीटभर सांडलेले बारीक दाणे. असल्या पसाऱ्यात मला सुचत नाही. ब्रशने एक्केचाळीसही शीट्स लख्ख झाडली. सुपलीभर केर निघाला. हे चष्मा लावून म्हणाले, अगं, यात बिया दिसतात. मी म्हटले, जन्मभर पोस्टात शिक्के मारलेत, बिया मला शिकवू नका. टाकून या.
आज खरे काम झाले असे वाटते.

९ फेब्रुवारी
पुस्तकातला पहिलाच प्रश्न: फळाभोवतीची पिशवी फुगीर की चपटी? तिच्या टोकाची चोच दुभंगलेली आहे का? सतरावर फळ नाही. अठरावर नाही. एकावरही नाही. गोळा करतानाच निष्काळजीपणा झालेला दिसतो. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या त्या सहलीला कॉलेजच्या मुली होत्या बरोबर.
दुपारी ह्यांनी एक डबी पुढे ठेवली. केर टाकलाच नव्हता. एक शब्द बोलले नाहीत. इतका झोंबणारा टोमणा मी आजवर ऐकला नाही.

११ फेब्रुवारी
चिमट्याने वेचते आहे. तिधारी फळे इकडे, दुधारी तिकडे. चार वेळा उठले, दोनदा दार बंद आहे का पाहिले. दोन सुरेख ढीग झाले. मग पंख्याने एकच ढीग. पंखा कुणी लावला, याची कडक चौकशी केली. मीच.

१३ फेब्रुवारी
पद्धत सापडली! जे फळ पुस्तकातल्या एकाही चित्राशी जुळत नाही, ते सतराचे. इतके सरळ. असे एक मिळाले: फिकट, चपटे, एका टोकाला निमुळते, पिशवी नाही. पिशवीविना कॅरेक्स! नवी जात कसली, नवी प्रजातीच, म्हणजे जातींचा अख्खा नवा गटच म्हणायचा. प्रस्तावना पुन्हा लिहावी लागणार.

१५ फेब्रुवारी, दुपारी
गठ्ठा घेऊन आम्ही दोघे कॉलेजात गेलो. माझ्या विद्यार्थिनीने सतराच्या फळाला उभ्यानेच भिंग लावले. मग हळूच म्हणाली, बाई, हा तीळ आहे. हे म्हणाले, हो, टेबलावर मी तीळ लावलेला बन खाल्ला होता.
मी म्हटले, बाकीची फळे जुळवायला महिना पुरेल. ती म्हणाली, गळलेली फळे पाकिटात घालून त्याच शीटवर डकवायची, हे तुम्हीच शिकवलंत ना, बाई. छडी खाऊन शिकलेली मुलगी, विसरते कशाला.
परत न्या, असे मात्र म्हणाली नाही. पावती फाडली. उतरवून घेते:
जमा: कॅरेक्स, शीट्स ४१. नावे: नाहीत. फळे: मिश्र, एक डबी. प्रस्तावना: पाच प्रती. संग्रहात नोंद नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना सरावासाठी. हाताळून मोडली तरी चालतील.
देणार: सही, माझी.