निकेल धुताना

२ डिसेंबर, सोमवार

दौंडला पोचलो. खोली झकास आहे, खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या पाटसकडे जाताना दिसतात. भाग्यश्री आणि आमची वैष्णवी शिरूरलाच राहिल्या. पोर पहिलीत आहे, मधेच शाळा कशाला बदला? निघताना तिनं माझ्या शर्टाचं बटण धरून ठेवलं होतं. दर रविवारी येईन म्हटलं तेव्हा सोडलं.

कारखान्यात माझ्याकडे हायड्रोजनेशन आहे. रेणूतला नायट्रो तेवढा बदलून अमाइन करायचा, शेजारच्या क्लोरिनला धक्का लागता कामा नये. हे नेमकं काम उत्प्रेरक म्हणून टाकलेली निकेलची भुकटी करते. कुठलंही निकेल आठ-दहा बॅचमध्ये दमतं. इथलं म्हणे चौदा वर्षं तेच आहे! याचं गुपित शोधलं तर साहेब मला डोक्यावर घेऊन नाचतील.

४ डिसेंबर

भिमाजीमामा इथले जुने ऑपरेटर. त्यांनी आज निकेल धुवायला शिकवलं. ते कायम पाण्याखाली ठेवायचं, कोरडं पडलं की पेट घेतं. हातमोजे घालून दोन तास बादलीत ढवळत बसायचं. मामा म्हणाले, "घरचं कायतरी बोलत ऱ्हावा, सायेब. गप धुतलं की बॅच बिघडती." मला तर बोलायला निमित्तच हवं! पोरगी भाकरीचा वरचा पापुद्रा तेवढा कसा खाते, बायको चिडली की झाडांना दुप्पट पाणी कसं घालते, सगळं बादलीला ऐकवलं. नंतरची बॅच अशी निघाली की नायट्रो औषधालाही उरला नाही.

मामांचा डबा अनसाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई गेटवर आणून देतात. मामा दोन्ही हात जोडून म्हणतात, "बाई, तुमचं लई उपकार." फार सज्जन माणूस.

८ डिसेंबर, रविवार

शिरूरला गेलो. वैष्णवी भाकरीचा पापुद्रा सोलून खात होती. मी विचारलं, हे नवीन खूळ कधीपासून? भाग्यश्री हसली, तिला थट्टा वाटली.

परतताना एसटीत ही वही उघडली. बुधवारच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. मला त्यातलं काही आठवत नाही. बाकी सगळं जिथल्या तिथे आहे. बादलीला सांगितलं तेवढंच गेलंय.

भीती वाटली. खोटं कशाला लिहू, फार भीती वाटली.

१० डिसेंबर

अनसाबाईंना गेटवर गाठलं. म्हणाल्या, "म्या बायकू हाय त्यांची. रोज डबा देती आन् बाई म्हणून घेती. मधी दोन वर्सं घरी बशिवलं, सारं सांगून पाह्यलं. गेल्यालं माघारी येत न्हाई." मग हळूच विचारलं, "नाव तर न्हाई ना सांगितलं? नाव दिलं की माणूसच जातं."

नाही. नावं नाही सांगितली.

निकेल गप बसून धुतलं. राजीनामा लिहून खिशात ठेवलाय. शुक्रवारी निघणार.

१२ डिसेंबर

बॅच अडकली. अर्धवट झालेला माल आत साठला, तापमान चढत गेलं, थंड पाण्यानंही उतरेना. अशा मालाचा स्फोट होतो. शेडमध्ये अकरा माणसं. मामांनी राखीव निकेलची बादली माझ्यापुढे ठेवली. "बोला सायेब, न्हाईतर समदी जात्याल."

पोरीची शाळा सांगितली. तिचं हसणं. निकेल आत सोडलं — तापमानाचा काटा चढतोच. दुसरी बादली. आधी तिच्या आईचं नाव घेतलं. मग तिचं —

काटा उतरला. सगळे वाचले.

शेडमागे बसून रडलो. पण रडत होतो ते कशा —

१३ डिसेंबर

खिशात राजीनामा सापडला. जायचं कुणासाठी? वहीत दोन नावं आहेत. दहादा वाचली. वाचून सगळं कळतं, आत काहीच हलत नाही.

फाडला.

१५ डिसेंबर, रविवार

गेटवर एक बाई, सोबत लहान मुलगी. कोण असाव्यात ते वहीवरून कळलं. कळून काही झालं नाही. बाईंनी डबा पुढे केला. मी हात जोडले — बाई, तुमचे उपकार — अनसाबाईंनी त्यांना जवळ ओढून घेतलं.

मुलीनं माझ्या शर्टाचं बटण धरलं. सोडेना. बोटं एकेक करून सोडवली — बटण तिच्याच मुठीत राहिलं —

डब्यात भाकरी आहे. वरचा पापुद्रा कुणीतरी सोलून —